मागच्या ओळीत बसलेला माणूस

माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याला आता तिसरं वर्ष लागलं आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही दोघं दारव्ह्याहून सकाळी सहाच्या काळी-पिवळी जीपनं यवतमाळला जातो. आठला त्याला मशीन लागते, बाराला सुटते. सुरुवातीला जवळात जवळ रिकामी पाळी यवतमाळच्या एका डायलिसिस सेंटरवर मिळाली, आणि एकदा मिळालेली पाळी कोणी सोडत नाही. मी दारव्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात लिपिक आहे. प्राचार्यांनी मला या तीन दिवशी दुपारी यायची मुभा दिली, त्याबदल्यात इतर दिवशी मी उशिरापर्यंत बसतो.

सेंटरचा हॉल लांबट आहे. दहा पलंग, दहा मशिनी. खिडक्या न उघडणाऱ्या, काचांना दुधी कागद लावलेला, त्यामुळे बाहेर ऊन आहे की आभाळ आलं आहे ते कळत नाही. भावाच्या डाव्या हातात दोन जाड सुया टोचतात. एका नळीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून परत येतं. चार तास तो हात हलवायचा नाही. जरा हलला की मशीन बोंबलते, आणि आसपासचे नऊही पेशंट डोळे उघडून पाहतात.

पहिले काही महिने तो उजव्या हातात मोबाइल धरून काहीबाही पाहत राहायचा. मग मान दुखायला लागली, मग कंटाळा आला. चौथ्या महिन्यात एका बुधवारी त्यानं मोबाइल छातीवर पालथा ठेवला आणि मला विचारलं, "ते पुस्तक आठवते काय तुले?"

"कोणतं?"

"कोठीवालं."

आठवत होतंच. आमचे वडील कोर्टात कारकून होते. कुठल्याशा वाचनालयानं रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी ते पुस्तक आणलं होतं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, पहिली चार पानं नव्हती, म्हणून त्याचं नाव काय, ते लिहिलं कोणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कुठल्यातरी परक्या भाषेतून मराठीत आणलेलं होतं एवढंच कळायचं. मी दहा वर्षांचा होतो, भाऊ सतराचा. उन्हाळ्याच्या दुपारी स्वयंपाकघरातली फरशी थंड असायची. तिथं पालथं पडून तो मोठ्यानं वाचायचा आणि मी ऐकायचो.

गोष्ट अशी होती. एक रोग येतो आणि शहरं ओस पडतात. सात माणसं गावाबाहेरच्या एका दगडी धान्याच्या कोठीत शिरतात, दार विटांनी बुजवतात आणि अकरा वर्षं आत काढतात. एकेक जण जातो. शेवटी आत जन्मलेली एक मुलगी आणि एक म्हातारा गवंडी उरतो. गवंडी मरतो त्या दिवशी मुलगी विटा फोडून बाहेर येते. जन्मात पहिल्यांदा तिला आभाळ दिसतं. लांब एक टेकडी असते, टेकडीवरून सरळ धूर चढत असतो. ती त्या दिशेनं चालायला लागते, आणि पुस्तक तिथंच संपतं.

पानं सुटी होईपर्यंत आम्ही ते वाचलं. दर वेळी शेवटी भांडण व्हायचं, तो धूर कोणाचा? मी म्हणायचो, तिची आई तिथं असेल. भाऊ म्हणायचा, कोणीतरी भात शिजवत असेल, पोरीला आधी जेवायला पाहिजे. आई एकदा तूर पाखडता पाखडता म्हणाली होती, "धूर काय चुलीचाच राह्यते काय रे? कोणी मेलं असन." त्या दिवशी भावानं पुस्तक मिटून ठेवलं होतं.

"त्याचा पुढचा भाग कर," भाऊ म्हणाला.

"मी?"

"दिवाळी अंकात येते ना तुयं काही काही. इथं चार घंटे बसून काय करून राह्यला? भिताडं पाहून राह्यला."

मी सांगायला लागलो. मुलगी तीन दिवस चालते, वाटेत एक नदी लागते.

"पाणी पेली काय ती?"

"पेली. ओंजळभर."

"ओंजळभर काहून? अकरा वर्षं मोजून पाणी भेटलं तिले. गटागटा पिऊ दे. पोट फुगेपर्यंत."

भावाला दिवसभरात चहा, वरण, औषधाचं पाणी सगळं धरून एक लिटरच्या आत राहावं लागतं. लघवी होत नाही, प्यालेलं सगळं अंगात साचतं. म्हणून मी मुलीला नदीकाठी गुडघे टेकून भरपूर पाणी पाजलं. दुसऱ्या काठावर संत्र्याची बाग दाखवली, कारण संत्रंही त्याला बंद होतं. तिनं अकरा संत्री खाल्ली. भाऊ डोळे मिटून ऐकत होता, आणि मला त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना दिसत होती.

असं ते सुरू झालं. मी एक वही केली. सेंटरवर ऐकवायचं, संध्याकाळी घरी लिहून काढायचं. तिथली टेक्निशियन मुलगी कळंबकडून रोज एसटीनं यायची, सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. दर अर्ध्या तासाला ती भावाचं बीपी पाहायला यायची आणि पट्टा सोडवता सोडवता विचारायची, "कुठवर आली पोरगी?"

मुलगी टेकडीवर पोचली. मी तिथं चाळीस माणसांचं गाव वसवलं. भाऊ म्हणाला, गाव धरणावर पाहिजे. तो पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात किती तास जायचं त्या पाळ्या लावण्यात आणि त्यावरची भांडणं सोडवण्यात त्याच्या नोकरीची वर्षं गेली. म्हणून गाव एका लहान धरणाच्या काठावर बसलं.

मग एका सोमवारी तो म्हणाला, "त्या गावात माह्यासारखा एक टाक."

"दादा, त्या जगात सगळं बंद आहे. लाइट नाही, दवाखाना नाही."

"म्हणूनच टाक. जग बुडाल्याचे सिनेमे पाह्यले मी मोबाइलवर. जे धावते तेच वाचते. आम्ही कुठं जातो? पहिल्या पंधरा दिवसांत मरतो, अन् थे दाखवतही नाहीत."

"मग तो जगेल कसा?"

"थे मी सांगतो."

त्यानं ते खरंच सगळं बांधलं. कालव्याच्या दरवाजाखाली एक चक्र बसवलं, पाण्याच्या धारेवर फिरणारं, त्यातून थोडी वीज. ओस पडलेल्या दवाखान्यातून गावकऱ्यांनी बैलगाडीवर आणलेल्या पाच मशिनी, त्यातली एक चालू, बाकीच्या सुट्या भागांसाठी. ती चालवणारी एक सिस्टर. आणि पाणी. एका माणसाला एका खेपेला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, हे सिस्टरनंच आम्हाला सांगितलं होतं. ते शुद्ध करताना वाया जातं ते वेगळंच. भाऊ म्हणाला, गावकरी पाणी मोठ्या भट्टीवर उकळून गाळून घेतात. मुलीला कोठीच्या दारातून दिसला तो धूर त्या भट्टीचा.

सिस्टर हातातला पट्टा तसाच धरून उभी राहिली. "म्हणजे ती पेशंटच्या धुरावर आली?"

"हाव," भाऊ म्हणाला. तीस वर्षांचं आमचं भांडण त्यानं असं मिटवलं, आणि मला ते पटलं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. भाऊ, वहिनी आणि मी. डॉक्टर म्हणाले, वय कमी आहे, हृदय चांगलं आहे, किडनी बदलायचा विचार करायला हरकत नाही. घरातलं कोणी देणारं असेल तर सगळ्यात बरं. आई अठ्ठ्याहत्तरची, तिला शुगर. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता आणि तिला बीपीच्या गोळ्या चालू होत्या. त्यांचा मुलगा पुण्यात शिकत होता. डॉक्टर त्याच्याबद्दल विचारणार तेवढ्यात भाऊ म्हणाला, "पोराचं नाव काढू नका साहेब."

मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा गट?"

"बी पॉझिटिव्ह."

भावाचाही तोच. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, घरी बोला, विचार करा. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. भाऊ डॉक्टरांच्या टेबलावरचं कॅलेंडर पाहत होता. आम्ही उठलो.

परतीच्या जीपमध्ये मधल्या सीटवर आम्ही चौघं होतो. भाऊ खिडकीशी, मग वहिनी, मग मी, आणि माझ्या पलीकडे मांडीवर पिशवी घेतलेला कोणी प्रवासी. बाहेर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या उभ्या होत्या. मला कोणी काही मागितलं नाही. पुढचे तीन महिने कोणीच मागितलं नाही. वहिनी मात्र तेव्हापासून मला शुक्रवारी डबा द्यायला लागली. भाकरी, झुणका, कधी सांडगे. मी तो डबा घ्यायचो, खायचो, धुऊन परत करायचो.

घरी मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कोणी काही म्हटलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग तुम्हीही काही म्हणू नका. मी वाईट आहे असं समजा पाहिजे तर. पण दोन पोरी आहेत आपल्या."

मला हायसं वाटलं, हे आता लिहायला लाज वाटते. बायको नाही म्हणते, मी काय करणार, असं एक वाक्य माझ्याजवळ तयार झालं. ते मी कोणासमोर उच्चारलं नाही, पण त्याच्या आडोशानं दोन महिने काढले.

एप्रिलमध्ये बायकोनं तो आडोसा काढून घेतला. एका रविवारी दुपारी पोरी मैत्रिणीकडे गेल्या होत्या. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मी चौकशी केली. माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांनी दिली होती, बारा वर्षं झाली, ठणठणीत आहेत. एका किडनीवर माणूस नीट जगतो. तुम्हाला द्यायची असेल तर मी अडवणार नाही. दादांनी तुमच्यासाठी काय केलं ते मला माहीत आहे."

भावानं माझ्यासाठी काय केलं ते मलाही माहीत होतं. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो, तो कॉलेजात. शिक्षण सोडून त्यानं लगेच नोकरी धरली, मला पदवीपर्यंत शिकवलं, माझं लग्न त्यानं उभं राहून लावलं. हे सगळं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. आंघोळ करताना मी कमरेच्या वर, मागच्या बाजूला हात ठेवायचो. तिथं एक चीर पडणार, आतलं काहीतरी उचलून नेणार. हात ठेवला की लगेच काढून घ्यायचो आणि भराभर अंगावर पाणी ओतायचो. आठवड्यातून तीन दिवस मी रक्तानं भरलेल्या नळ्यांच्या शेजारी बसत होतो, तिथं मला काही होत नव्हतं. स्वतःच्या शरीराचं नाव काढलं की मी पळत होतो. दुसरं काही कारण नव्हतं, भीती होती.

इकडे गोष्टीत उन्हाळा आला होता. भावानं धरणाचं पाणी तळाला नेलं. गावात कुजबुज सुरू झाली, एका आजारी माणसाला आठवड्यात तीन वेळा एवढं पाणी द्यायचं आणि लेकराबाळांनी मोजून प्यायचं, हे किती दिवस? गावाची सभा भरायला पाहिजे होती. सभा सांगायचं काम माझं होतं. मी टाळत होतो. मी मध्येच एक लग्न घातलं, एक गाय व्यायला बसवली, एक दिवस अख्खा सापावर काढला.

"साप गेला ना?" भाऊ म्हणाला. "आता सभा घे."

"घेतो. पुढच्या वेळी."

"तू चार खेपांपासून पुढच्या वेळी म्हणून राह्यला."

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही सेंटरवर पोचलो तर सगळे पेशंट बाहेरच्या बाकांवर बसलेले. रात्री बोअरची मोटर जळाली होती, टँकर यायचा होता, तो आला नव्हता. शुद्ध पाण्याची टाकी अर्धीच होती. सिस्टर दारात उभी राहून सांगत होती, आज सगळ्यांना चारऐवजी अडीच तास मिळतील, नाहीतर निम्म्यांना पूर्ण आणि निम्म्यांनी उद्या यायचं.

नातेवाईक बोलायला लागले. एक जण म्हणाला, आमचं पेशंट लांबून येतं, आम्हाला पूर्ण द्या. दुसरा म्हणाला, आमची बुधवारची खेप चुकली आहे, आधी आमचं लावा. मग एक तरुण माणूस म्हणाला, "ज्याइचं वय आहे त्याइले पूर्ण लावा ना. म्हाताऱ्याइचं काय आता." त्याच्या हातभर अंतरावर एक आजी बाकावर बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा दाराकडे नेली.

तेव्हा भाऊ उठला. पाय सुजलेले होते, भिंतीला हात टेकून उभा राहिला. पण आवाज त्याचा जुना होता, कालव्यावर शेतकऱ्यांसमोर लागायचा तो. "सगळ्याइले सारखं लावा सिस्टर. अडीच घंटे. पाणीपाळी आहे ही. शेवटच्या शेतालेही पाणी गेलं पायजे."

तसंच झालं. लोक पुटपुटत आत गेले. या सगळ्यात मी पाण्याच्या कूलरजवळ, सगळ्यांच्या मागे उभा होतो आणि एक शब्द बोललो नव्हतो.

सुया लागल्या, मशीन सुरू झाली. भाऊ म्हणाला, "पाह्यली ना सभा? आता तीच लिही." मी वही काढली. पण त्या दिवशी त्यानंच सांगितलं. धरणाच्या दगडी उतारावर चाळीस माणसं बसली आहेत. एक म्हणतो, पाणी बंद करा. एक म्हणतो, तीनच्या दोन खेपा करा. एक बाई म्हणते, आज त्याचं बंद केलं तर उद्या माझ्या लेकराला ताप आल्यावर काय कराल? सिस्टर बीपीचा पट्टा बांधून तिथंच थांबली होती.

"अन् मागच्या ओळीत एक माणूस बसला आहे," भाऊ म्हणाला. "सगळे बोलून राह्यले, तो बोलत नाही. खाली पाहून राह्यला. त्याच्या घरी विहीर आहे."

"विहीर?" सिस्टर म्हणाली. "आणि गावात कोणाला माहीत नाही?"

"सगळ्याइले माहीत आहे."

"मग?"

"मांगत नाहीत. कोणीच मांगत नाही त्याले."

"मग तो आपणहून का देत नाही?"

"थे लेखकाले इचार."

सिस्टर हसत माझ्याकडे वळली. माझा चेहरा पाहून तिचं हसणं थांबलं. पलीकडच्या मशीनची शिटी वाजली नसतानाही ती तिकडे निघून गेली.

मी स्टुलावर बसलो होतो. वही मांडीवर उघडी होती.

"दादा, मले भेव वाटते," मी म्हटलं.

"हाव."

"मी देऊ शकत नाही. देणार नाही मी."

त्यानं डोळे मिटले. मग तो म्हणाला, "एवढं म्हणाले तीन महिने लागले तुले."

"तू मागितली नाही."

"कसा मांगू? मांगितली असती अन् तू दिली असती, तं जन्मभर तुयं तोंड पाहू शकलो नसतो. नाही मांगितली तं रोज वाट पाह्यतो. फोन वाजला की वाटे, तूच असशीन, देतो म्हणून राह्यला. तुयी वहिनी दर शुक्रवारी डबा देते, थे काय मले कळत नाही?" त्याचा आवाज चढला आणि मशीननं लगेच शिटी मारली. हात हलला होता. सिस्टर धावत आली, नळी सरळ केली, बटण दाबलं आणि आमच्याकडे न पाहता गेली.

भावाला तोंड फिरवायचं होतं. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो. त्यानं मान डावीकडे वळवली, पण अंग वळेना, कारण डावा हात सुयांनी पलंगाला बांधल्यासारखा होता. तसाच अर्धा वळून तो भिंतीकडे पाहत राहिला. त्याच्या कानशिलावरून पाणी उशीत जात होतं. मला तिथून उठून जायचं होतं. उठता येत नव्हतं, मध्येच बीपी पडलं तर जवळ माणूस लागतो. टाकीत पाणी अर्धं होतं म्हणून त्या दिवशी अडीचच तास होते. आमच्या वाट्याला त्यातले पावणेदोन तास असे आले असतील. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ एका जागी कधी बसलो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भावानं घरी सांगितलं असणार. वहिनीचा डबा बंद झाला. आई मला काही बोलली नाही, फक्त मी त्यांच्या घरी गेलो की ती जपमाळ हातात घ्यायला लागली, म्हणजे बोलायला नको.

सोमवारी भाऊ मला संगं नेईल की नाही हे मला माहीत नव्हतं. पावणेसहाला त्याच्या घरासमोर गेलो. तो पायरीवर पिशवी घेऊन बसला होता. मला पाहून उठला. आम्ही स्टँडवर गेलो, जीपमध्ये बसलो. त्या दिवशी, बुधवारी, शुक्रवारी आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही आमच्यात लागेल तेवढंच बोलणं झालं. चादर दे. पंखा कमी करायला सांग. तिसऱ्या तासाला त्याच्या पोटऱ्यांना गोळे यायचे, तेव्हा मी दोन्ही हातांनी त्या दाबायचो. तो दात आवळून छताकडे पाहायचा. वही मी पिशवीतून काढत नव्हतो. सिस्टरही विचारत नव्हती.

जूनमध्ये आम्ही नागपूरला जाऊन त्याचं नाव प्रतीक्षायादीत घातलं. मेंदू मृत झालेल्या कोणाच्या तरी घरच्यांनी होकार दिला, आणि गट जुळून भावाचा नंबर लागला, तर फोन येईल. फोन आला की काही तासांत पोचावं लागतं. तेव्हापासून भाऊ मोबाइल बाथरूममध्येसुद्धा घेऊन जातो.

नागपूरहून आल्यानंतरच्या शुक्रवारी त्यानं अचानक विचारलं, "त्या माणसाचं काय झालं?"

"कोणाचं?"

"विहिरीवाल्याचं. सभेत नाही म्हटलं ना त्यानं. मंग? गावातून काढलं काय त्याले?"

"तू सांग."

"काढत नाहीत. सारी चाळीस माणसं. त्याले काढलं तं एक हात कमी होते. त्याले काम देते सभा. धरणाच्या तळातून मशीनपर्यंत पाणी वाहायचं. पायऱ्या आहेत दीडशे. आठवड्यातून तीन दिवस."

"आणि सुट्टी?"

"सुट्टी कायची?"

"आजारी पडला तर?"

"आजारी पडला तं पाहू," भाऊ म्हणाला आणि हसला. मे महिन्यानंतर तो पहिल्यांदा हसत होता. मी हसलो नाही. घरी जाऊन ते लिहून काढलं, जसं सांगितलं तसं.

मला कोणी शिक्षा केलेली नाही. पण मोठ्या मुलीला कॉलेजसाठी पुण्याला सोडायचा दिवस बुधवार निघाला, तेव्हा बायको एकटी गेली. मला डेंग्यूचा ताप होता तेव्हाच्या दोन खेपा सोडल्या तर माझी एकही चुकलेली नाही, आणि त्या दोन वेळी मी अंथरुणात पडून बारा वाजायची वाट पाहत होतो. वहिनीचा भाचा म्हणाला होता, अधूनमधून मी जात जाईन. मी नको म्हटलं. बायको म्हणते, तुम्ही स्वतःला कोंडून घेतलं आहे. तिचं खरं असेल. मात्र सोमवारी सकाळी सहाला मी दुसरीकडे कुठे असू शकतो, हे मला आता सुचतच नाही. वहिनी गेल्या दिवाळीपासून माझ्याशी थोडं बोलते. बसा म्हणते. डबा देत नाही.

गोष्ट तिसऱ्या वहीत गेली आहे. सिस्टर पुन्हा भाग घेते. तिचं म्हणणं, कोठीतून आलेली मुलगी आता मोठी झाली, तिनं आयुष्यभर याच गावात काय म्हणून राहायचं? जग किती उरलं ते तिनं जाऊन पाहावं. भाऊ कित्येक महिने ऐकत नव्हता. गावातून कोणी जायचं नाही, हात कमी होतात, असं त्याचं म्हणणं होतं. गेल्या सोमवारी मात्र तो म्हणाला, "जाऊ दे पोट्टीले."

"कुठे जाते?" मी विचारलं.

"थे आपल्याले कायले पायजे? धरणाच्या भिंतीवरून जाते, वळणापर्यंत दिसते, मंग दिसत नाही."

सिस्टर म्हणाली, "अहो, पण गोष्ट तर तिचीच आहे. आपण तिच्यासंगं जायला पाहिजे."

"आपण नाही जात," भाऊ म्हणाला. "आपल्याले बुधवारी मशीन आहे."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं, मुलगी गेली.

बारा वाजले. सिस्टरनं मशीन थांबवली, नळीतलं उरलेलं रक्त परत आत जाऊ दिलं, आणि एकेक करून दोन्ही सुया काढल्या. सुया निघाल्या की त्या जागी कापसाचा बोळा दहा मिनिटं घट्ट दाबून धरावा लागतो, नाहीतर रक्त थांबत नाही. ते काम माझं आहे. मी दोन्ही अंगठे ठेवले. बोळ्याखाली त्याची नस थरथरत होती.

"जोरानं दाब," भाऊ म्हणाला. "काही होत नाही मले."